थैलीतले पैसे कोणासमोर मोजायचे? मंडळीच्या नव्या खजिनदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. गावातली साठेक कुटुंबांची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. आधीचे खजिनदार अठरा वर्षं काम पाहून वयोमानाने थांबले आणि शिक्षिका असलेल्या एका भगिनीची निवड झाली. त्यांच्या हाती आली एक लोखंडी पेटी, दोन वह्या आणि एक चेकबुक. चेकबुकातल्या तीन कोऱ्या चेकवर सह्या आधीच केलेल्या. त्या विचारतात: उपासनेत थैलीत जमणारं अर्पण मोजण्याची आणि ठेवण्याची शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून पद्धत कोणती? दशांश (मिळकतीचा दहावा भाग) सक्तीचा करा असं मंडळीतले काही वडील, म्हणजे नेमलेले ज्येष्ठ, म्हणतात, ते बरोबर आहे का? गरजूंना मदत द्यायची तर कशी? आणि पावत्या मागितल्या की "भावांवर विश्वास नाही का?" असं ऐकावं लागतं, त्याला काय म्हणायचं?

सलाम ताई. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात.

"विश्वास नाही का?" हे वाक्य मंडळीत फार जड पडतं. पण नव्या करारात पैशाचा विषय निघतो तिथे ते कुणीच म्हणत नाही. यरुशलेमातल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने मासेदोनिया, अखया, गलतिया इथल्या मंडळ्यांत निधी गोळा करायला लावला. प्रेषितच तो, त्याला कोण विचारणार होतं? तरी 2 करिंथ 8 मध्ये (करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात) तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो. त्यांतला एक तर मंडळ्यांनी निवडून दिलेला. कारणही तो लपवत नाही (वचने 20-21): इतक्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये, आणि व्यवहार प्रभूपुढे तसाच माणसांपुढेही चोख दिसावा. 1 करिंथ 16:3 मध्ये रक्कम कोण नेणार हे करिंथकरांनीच ठरवायचं आहे; पैसे ज्यांचे, माणसं त्यांच्या पसंतीची. फिलिप्पैकरांची देणगी पोचल्यावर त्याने लिहिलेला "मला सगळं मिळालं" या अर्थाचा ग्रीक शब्द (4:18) त्या काळच्या पावत्यांवर असायचा. प्रेषिताने पोच दिली, मग आपल्याला व्हाउचरची लाज कशाला?

जुन्या करारातल्या एज्राच्या पुस्तकाचा आठवा अध्याय तर खजिनदारांनी दरवर्षी वाचावा. बाबेलहून निघताना एज्राने साडेसहाशे किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं आणि शंभर किक्कार सोनं याजकांना तोलून दिलं. यरुशलेमात पोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात चौघांच्या देखत ते पुन्हा तोललं गेलं, नग मोजले गेले आणि वजन लिहून ठेवलं गेलं. देताना तोललं, घेताना तोललं, दोन्ही वेळा साक्षीदार. उलट बाजू योहान 12:6 मध्ये आहे. पैशांची डबी एकट्या यहूदा या शिष्याकडे, आणि तिच्यात पडणारं तो काढून घ्यायचा.

कुणीतरी जाणकार वडील 2 राजे 12:15 काढतील, हेही लक्षात असू द्या. मंदिराच्या डागडुजीच्या कारागिरांना ज्यांच्या हातून पैसे दिले जात, त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ती माणसं प्रामाणिक होती, असं तिथे खरंच लिहिलंय. पण पाच वचनं मागे जा. झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवलेली होती. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत, थैल्यांत बांधत आणि मगच पैसे पुढे जात. ही पेटी आली कशामुळे? आधी याजक आपापल्या ओळखीने पैसे घेत होते आणि राजा योवाशाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नव्हती. म्हणजे विश्वास होता, पण दोघांच्या मोजणीनंतर.

तेव्हा पावती मागताना एवढंच म्हणा: "दादा, पावती तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. उद्या मला विचारलं तर मी काय दाखवू?" यावर रागावणारा माणूस फार वेळ रागावून राहू शकत नाही.

मोजणी

आता मुख्य काम. सगळ्यात आधी एक नियम, जो ऐकून बऱ्याच मंडळ्या चमकतात: खजिनदाराने मोजायचं नाही. मोजणारे वेगळे, नोंदवून बँकेत भरणारा वेगळा. पाळकसाहेबांनीही (पास्टरनीही) मोजायला बसायचं नाही. त्यांच्यावर नंतर येणारं किटाळ त्यातच टळतं. सहा ते आठ जणांची यादी करा आणि दर रविवारी त्यांतले दोघं पाळीने बसवा. दोघं एका घरातले नकोत. नवरा-बायको हे मोजणीपुरते एकच माणूस. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमिनीच्या पैशाबाबत मिळून खोटं सांगितलं (प्रेषितांची कृत्ये 5), त्यानंतर हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये.

उपासना संपली की चहाच्या आधी, वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत), दार उघडं ठेवून, टेबलावर मोजायचं. पाळकांच्या घरी संध्याकाळी मोजू, असं नको. थैली जमल्यापासून मोजून होईपर्यंत ती कुणा एकाच्या ताब्यात पाच मिनिटंही राहता कामा नये. कुणी काढून घेईल ही भीती फार थोड्या वेळा खरी असते. पण त्या पाच मिनिटांबद्दल वर्षभराने कुणी काही बोललं, तर उत्तर द्यायला कुणीच नसतं.

थैली टेबलावर रिकामी करून उलटी करा, कोपऱ्यात घडी घातलेली नोट अडकून राहते. लिफाफे आणि सुटे पैसे वेगळे करा. प्रत्येक लिफाफा उघडून त्यावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळवा. लिफाफ्यावर 500 लिहिलंय आणि आत 400 निघाले, तर जुन्या आकड्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी 400 लिहा आणि दोघांनी सह्या करा. त्याच दिवशी त्या कुटुंबाला खाजगीत सांगा. बहुतेक वेळा नोट घरी टेबलावर राहिलेली असते. लिफाफे टाकू नका. वर्षाचा हिशेब तपासून होईपर्यंत महिनावार रबर लावून ठेवा.

मग नोटा किमतीप्रमाणे लावा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं; मग जागा बदलून पुन्हा. दोन्ही आकडे जुळले तरच चिठ्ठी भरायची. नमुना म्हणून एक चिठ्ठी:

500 × 7 = 3,500
200 × 9 = 1,800
100 × 31 = 3,100
50 × 44 = 2,200
20 × 58 = 1,160
10 × 112 = 1,120
नाणी: 10 × 17 = 170; 5 × 63 = 315; 2 × 41 = 82; 1 × 38 = 38
एकूण 13,485

खाली त्याच रकमेची फोड: साधारण अर्पण, दशांश, उपकारस्तुती (आभाराचं अर्पण), इमारत निधी, गरीब निधी. दोन्ही बेरजा एकच आल्या पाहिजेत. रक्कम अक्षरी लिहा, तारीख घाला, दोघांच्या सह्या घ्या. कार्बन लावून दोन प्रती काढा. एक पैशांबरोबर तुमच्याकडे येईल, दुसरी मंडळीच्या चिटणिसाकडे जाईल. ती दुसरी प्रत तुमच्या हाती कधीच राहू नये, तिचा उपयोगच तो आहे. चिठ्ठी पेनाने लिहा. पेन्सिल नको, व्हाइटनर नको, आकड्यावर आकडा गिरवणं नको.

फाटकी नोट असेल तर "फाटकी" म्हणून वेगळी लिहा, बँक नियमाप्रमाणे बदलून देते. चिल्लरीचा प्रश्न मात्र खरा आहे. बँकेच्या काउंटरवर शंभर-दीडशे नाणी दिली की तोंडं वाकडी होतात, आणि मंडळीतल्या किराणा दुकानदाराला तीच हवी असतात. त्यांच्याकडून नोटा घेऊन चिल्लर द्यायला हरकत नाही, पण ती त्याच टेबलावर, मोजणाऱ्यांसमोर, चिठ्ठी भरून झाल्यावर. घरी नेऊन नाही.

सोमवारी पैसे बँकेत भरा. भरणा पावतीवरचा आकडा चिठ्ठीशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे: 13,485 म्हणजे 13,485. गावोगावच्या मंडळ्यांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि त्यात चोरी कुणीच केलेली नसते. पाहुण्या उपदेशकांना 1,500 दिले, मंडपवाल्याला 600 दिले, दोन्ही थैलीतूनच, आणि बँकेत 11,385 भरले. वहीत जमा 11,385 लागली. आता त्या रविवारी मंडळीने दिलं किती, हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येणार नाही. 2,100 चा खर्च कागदावर नाही, उपदेशकांना पैसे दिल्याचा पुरावा नाही, आणि मोजणारा म्हणतो "मी तर तेरा हजारांवर मोजले होते." इथून कुजबूज सुरू होते. म्हणून थैलीतून एक रुपयाही खर्च करायचा नाही. किरकोळ खर्चासाठी बँकेतून काढलेली एक ठरलेली रक्कम, साठ कुटुंबांना 3,000 पुरे, वेगळ्या डब्यात ठेवा. डब्यातली रोख आणि व्हाउचरं मिळून केव्हाही 3,000 भरली पाहिजेत. रोख संपत आली की व्हाउचरं दाखवून तेवढ्याच रकमेचा चेक काढा.

त्या सह्या केलेल्या तीन चेकचं आजच करा. प्रत्येकावर आडवं "रद्द" लिहा, सही खोडा आणि चेकबुकातच टाचून ठेवा. फाडून टाकू नका, नाहीतर तीन नंबर कुठे गेले हा नवा प्रश्न. पुढे दोन सह्यांशिवाय चेक नाही आणि कोऱ्या चेकवर सही नाही, बाहेरगावी जायचं असलं तरी.

क्यूआर कोडबद्दल. भिंतीवर चिकटवलेला कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. पाळकांच्या किंवा एखाद्या उत्साही तरुणाच्या फोनला जोडलेला नको, भले तो महिन्याच्या शेवटी इमानदारीने पैसे देत असो. महिन्यातून एकदा आपल्या फोनवरून एक रुपया पाठवून समोर कोणाचं नाव येतं ते पाहा. कोडवर दुसरा कोड चिकटवून पैसे वळवण्याची युक्ती दुकानांत होते, ती चर्चच्या दारातही होऊ शकते. आणि थैलीत टाकणाऱ्याचं नाव दिसत नाही, यूपीआयने देणाऱ्याचं दिसतं. बँकेचं विवरणपत्र किती जणांनी पाहायचं ते ठरवून ठेवा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (मत्तय 6:3), तर ते पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या) ग्रुपला तरी कशाला कळावं?

हंगामाच्या सणात कोंबड्या, बाजरी, भोपळे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या दिवशी वेगळी वही ठेवा: वस्तू, बोली, घेणारा, रोख की बाकी. भोपळ्याला जोशात 2,000 ची बोली लागते आणि पैसे नाताळपर्यंत येत नाहीत. म्हणून बोली म्हणजे जमा नव्हे, हातात आलेलं तेवढंच जमेला धरा. बाकीदारांची नावं वेदीवरून वाचू नका. मोठ्या बोलीवाल्याला पुढची खुर्चीही देऊ नका. याकोबाने दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाबद्दल लिहिलंय ते याच प्रसंगाचं.

दशांश

इथे मतभेद आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे: शिकवा, सक्ती करू नका.

जुन्या करारातला दशांश ही एका देशाची व्यवस्था होती. गणना या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायाप्रमाणे तो लेव्यांना, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशाला, मिळे, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. लेव्यांनाही त्यातला दहावा भाग पुढे द्यावा लागे. अनुवाद या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात तोच दशांश घरच्यांनी यहोवासमोर खायचा आहे आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी, उपरा, अनाथ, विधवा यांच्यासाठी गावातच साठवायचा आहे. "सगळा दशांश भांडारात आणा" हे मलाखी संदेष्ट्याचं वचन वाचणाऱ्याने हे दोन अध्यायही वाचावेत, म्हणजे भांडार कोणासाठी होतं ते कळेल. मत्तय 23:23 मध्ये येशू पुदिना, शेप आणि जिऱ्याच्या दशांशाला चूक म्हणत नाही, न्याय आणि दया सोडून दिली याला चूक म्हणतो. आणि पौल मंडळ्यांना निधी मागतो तेव्हा दहा टक्के हा आकडा एकदाही घेत नाही. मिळकतीप्रमाणे, नियमित, आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून (1 करिंथ 16:2). मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुरत किंवा भाग पाडलं म्हणून नाही (2 करिंथ 9:7). जवळ आहे त्या मानाने, नाही त्या मानाने नाही (8:12). हनन्याच्या गोष्टीतही पेत्र म्हणतो की जमीन तुझी होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. दोष खोटेपणाचा होता, कमी दिल्याचा नव्हता.

व्यवहारात लोक विचारतात: दहावा भाग कशाचा? पगारदाराचं सोपं आहे. शेतकऱ्याचं तसं नाही. कांद्याच्या पट्टीवर 80,000 दिसतात, त्यातून बियाणं, खत, मजुरी, हमाली, गाडीभाडं गेलं की हातात पंचवीस राहतात. त्याने पट्टीच्या आकड्यावर आठ हजार द्यावेत असा आग्रह धरणाऱ्याने कांदा लावून पाहावा. घरी नेण्याजोगं जे राहतं त्यावर धरा, आणि बाजार पडला त्या वर्षी काहीच राहिलं नाही तर त्याला मंडळीत मान खाली घालायला लावू नका. सावकाराचं किंवा पतपेढीचं कर्ज थकवून अर्पण देणं हेही बरोबर नाही. देणं फेडणं ही आज्ञाच आहे (रोम 13:8).

एक गोष्ट पाळकांनी वर्षातून एकदा तरी सांगावी. मार्क 7:9-13 मध्ये येशू "कुर्बान" म्हणून आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिल्याचं दाखवणाऱ्यांना झाडतो. आईच्या बीपीच्या गोळ्या बंद आणि इमारत निधीच्या फलकावर मुलाचं नाव, हे आजचं कुर्बान. विधवेच्या दोन टोल्यांवर (तिने मंदिरात टाकलेल्या दोन क्षुल्लक नाण्यांवर) उपदेश करताना त्याच्या लगेच आधीचं वचन, विधवांची घरं खाऊन टाकणाऱ्यांबद्दलचं (मार्क 12:40), गाळू नये. तिचं देणं मोठं होतंच, पण ते घेणाऱ्यांना त्या वचनाने आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं आहे.

तेव्हा नावांसह दशांशाची यादी वाचणं बंद करा. दशांश थकला म्हणून लग्न, दफन, बाप्तिस्मा अडवू नका, प्रभुभोजन तर मुळीच नाही. मंडळीच्या घटनेत सभासद वर्गणी ठरलेली असेल तर ती घ्या, मतदानासाठी ती अट असू शकते. पण तिला वर्गणीच म्हणा. वर्गणीला दशांश म्हटलं की एका संस्थेचा नियम देवाच्या नावावर जातो.

गरीब निधी

प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं गेलं. तक्रार भाषेच्या गटाची होती. मंडळीने सात जण निवडले आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प वगैरे. ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्यांच्या हाती वाटप गेलं असावं, असा अर्थ नावांवरून बरेच अभ्यासक काढतात. तुमच्या मंडळीत डावललं कोण जातं? भाड्याने राहायला आलेलं कुटुंब, आजारपणामुळे उपासनेला न येणारी म्हातारी, नवऱ्याने टाकलेली बाई, जुन्या घराण्यांशी नातं नसलेला माणूस. वाटप करणाऱ्या तिघांत यांच्या बाजूचं एक माणूस असू द्या, आणि एक बाई तरी हवीच. काही अडचणी पुरुषांपुढे सांगितल्याच जात नाहीत.

क्रम 1 तीमथ्य 5 चा ठेवा. आधी घरचे, मुलं-नातवंडं. ती असून करत नसतील तर पाळकांनी त्यांच्याशी बोलायचं. खरंच कुणी नसेल तिथे मंडळी. त्या अध्यायात विधवांच्या नोंदीला साठ वर्षांची अट आहे, म्हणजे यादी लिहिलेली होती आणि तिला निकष होते. तसे चार-पाच निकष कागदावर आणा. नाहीतर मदत रडणाऱ्याला मिळते आणि गप्प बसणारा उपाशी राहतो.

दवाखान्याचं बिल असेल तर पैसे शक्यतो दवाखान्यात भरा, मुलांची फी शाळेत, औषधं दुकानात. रोख द्यावीच लागली तर दोघांनी जाऊन द्या आणि सही घ्या. एका वेळची मर्यादा ठरवा. समजा 5,000 पर्यंत तिघं ठरवतील, त्यापुढे कमिटी. निधीतून कर्ज देऊ नका. परत येत नाही आणि घेणारा लाजेने उपासनेला येणंही सोडतो, म्हणजे पैसा गेला आणि माणूसही गेला. द्यायचं तर दान म्हणून द्या. सूचनाफलकावर "वैद्यकीय मदत, 2 कुटुंबे, 7,000" एवढंच. नावं फक्त त्या तिघांच्या वहीत. रेशनची पिशवी हातात देतानाचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला प्रेमाने थांबवा.

इमारत निधी आणि गरीब निधी ज्या कारणासाठी दिला, त्याच कारणाला लागला पाहिजे. "या महिन्यात पाळकांचा पगार इमारत निधीतून देऊ, पुढच्या महिन्यात भरू" हा पुढचा महिना येत नसतो. पगार कमी पडतोय तर मंडळीला उघड सांगा. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे हेही शास्त्रच आहे (1 तीमथ्य 5:18).

कायद्याचं

मोजकंच सांगतो. तुमची मंडळी स्वतः सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे की मोठ्या ट्रस्टखाली येते, हे आधी शोधा. जुन्या मिशनच्या जमिनी अनेकदा तिसऱ्याच ट्रस्टच्या नावावर असतात. न्यास असेल तर दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आणि जमीन किंवा इमारत विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी. एका व्यक्तीकडून एका दिवसात 2 लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. पावतीवर करसवलतीचा मजकूर तशी मंजुरी असल्याशिवाय छापू नका. परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत जपून राहा. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला मुलगा स्वतःच्या कमाईतून देतो ते परदेशी योगदान धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले मामा देतात ते धरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी. त्यासाठी एफसीआरए (परदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठराविक खातं लागतं. नोंदणी नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

आकडा जुळला नाही तर

आधी आकड्याकडे पाहा, माणसाकडे नंतर. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा अंक उलटे लिहिले गेलेत: 540 च्या जागी 450, फरक 90. फरक एखाद्या नोंदीच्या दुप्पट असेल तर जमा खर्चात किंवा खर्च जमेत गेलाय. चिठ्ठी, भरणा पावती, बँक विवरण हे तिन्ही समोर ठेवून पाहा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

नाही मिटलं तर मत्तय 18:15-17 चा क्रम. एकट्याने जाऊन विचारायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. माणूस वडील किंवा पाळक असेल तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप ऐकूनही घ्यायचा नाही, पण दोष ठरला तर सर्वांसमोर कानउघाडणी करायची (1 तीमथ्य 5:19-20). दोन्ही वचनं जोडीने चालतात. अर्धंच वापरलं की एक तर निरपराध माणूस भरडला जातो, नाहीतर अपराधी झाकला जातो. ग्रुपवर पोस्ट टाकणं यांतल्या कुठल्याच पायरीत बसत नाही.

हा क्रम भावाभावांतल्या अपराधासाठी आहे, हेही ध्यानात घ्या. मंडळीच्या वह्या मंडळीच्याच आहेत, त्या पाहायला मागणं हा आरोप नाही आणि त्यासाठी आधी कुणाला एकांतात गाठायची गरज नाही. 1 करिंथ 6 मधलं "भावाभावांनी कोर्टात जाऊ नये" हे वचन न्यासाच्या पैशाचा अपहार दडपायला वापरतात, तेही चूक. विश्वस्तांवर कायद्याची जबाबदारी आहे आणि माफी दिली म्हणून हिशेब द्यायचा थांबत नाही. पैसे परत आले तरी त्या माणसाच्या हाती पुन्हा थैली देऊ नये. त्याला गाण्याच्या मंडळात घ्या, शेजारी बसवा, थैली दुसऱ्याकडे.

आता तुमच्यापुढे असलेलं पहिलं काम. येत्या शनिवारी जुने खजिनदार, चिटणीस आणि कमिटीतला एक जण, अशा तिघांना बोलवा. पेटी त्यांच्यासमोर उघडून रोख मोजा, वरच्यासारखी चिठ्ठी भरा, बँकेची त्या तारखेची शिल्लक लिहा, चेकबुक आणि पावतीपुस्तकांचे पहिले-शेवटचे नंबर लिहा, वहीत शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा मारून चौघांच्या सह्या घ्या. वहीची शिल्लक आणि पेटीतली रोख जुळली नाही तर फरक आहे तसा लिहा. पदरचे घालून जुळवू नका आणि त्या दिवशी कारणही विचारत बसू नका. ते गृहस्थ अठरा वर्षं एकट्याने ओझं वाहत होते, ही चूक त्यांच्या आधी मंडळीची आहे. सह्या झाल्यावर त्यांना चहा द्या, एक प्रत द्या, आणि मोजणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घालू का, ते विचारा.